निळ्या उजेडात कोरलचा खरा रंग कळत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोनशे लिटरची रीफ टाकी, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी, वय दहा महिने. आत झोअँथस, एक हॅमर, एक पसरट मोंटिपोरा आणि दोन ॲक्रोपोरा, हे सगळे कोरलचेच प्रकार. फोनवर काढलेला प्रत्येक फोटो निळाजांभळा येतो, समोर दिसतं तसं काहीच उतरत नाही. शिवाय दोनपैकी एक ॲक्रोपोरा फिका पडतोय असं वाटतं, पण खात्री नाही. मग चांगला कॅमेरा घ्यावा, दिवे बदलावेत, की आणखी काही करावं?

कॅमेरा घेऊ नका आणि दिवेही बदलू नका, निदान महिनाभर तरी. तुमचे प्रश्न दोन दिसतात, पण मूळ एकच आहे. ज्या उजेडात तुमच्या फोनला कोरलचा रंग कळत नाही, त्याच उजेडात तो तुम्हालाही कळत नाही. फोन निदान वाईट फोटो देऊन तसं सांगतो. डोळा मात्र उजेडाशी जुळवून घेतो आणि सगळं छान चाललंय असं वाटू देतो. म्हणून आधी फोटोचं मार्गी लावू. ॲक्रोपोराचं उत्तर बरंचसं त्यातूनच मिळेल.

रीफच्या दिव्यांत मुख्य भर असतो तो ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या गडद निळ्या एलईडींवर, जोडीला ४०० ते ४२० नॅनोमीटरचे जांभळे. यात चूक काही नाही. पाण्यात खोल जावं तसा लाल प्रकाश आधी विरतो आणि निळा टिकतो, आणि कोरलच्या पेशींत राहणारं झूझँथेली हे शैवाल त्या निळ्यावर उत्तम जगतं. पण संध्याकाळी आपण टाकीसमोर बसून जी झळाळी पाहतो, ती या शैवालाची नसते. ती कोरलच्या स्वतःच्या ऊतीतल्या प्रतिदीप्त प्रथिनांची असते. ही प्रथिनं निळा प्रकाश शोषतात आणि हिरवा, केशरी किंवा लाल बाहेर टाकतात. यातलं हिरवं प्रथिन ओसामू शिमोमुरा यांना १९६२ मध्ये एका जेलीफिशमध्ये सापडलं. लाल प्रथिनाचं जनुक १९९९ मध्ये वेगळं केलं गेलं ते डिस्कोसोमामधून, म्हणजे आपल्या टाकीत दगडांवर पसरणाऱ्या साध्या मशरूम कोरलमधून. हिरव्या प्रथिनाच्या शोधाला आणि त्यावरच्या कामाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मला हे आठवलं की त्या लालसर मशरूमकडे पुन्हा एकदा नीट पाहावंसं वाटतं.

शैवालाचा रंग सोनेरी तपकिरी असतो, आणि कोरलची तब्येत मुख्यतः त्या तपकिरीवरून कळते. निळ्या उजेडात नेमकी तीच दिसत नाही. एवढ्यावर भागत नाही. शैवाल कमी झालं की कोरलच्या ऊतीत जास्त प्रकाश फिरू लागतो, कारण खालचा पांढरा सांगाडा तो परत फेकतो, आणि त्या जादा प्रकाशाला उत्तर म्हणून काही कोरल आणखी रंगद्रव्यं तयार करतात. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ही साखळी उलगडून दाखवली. समुद्रात कधी कधी पांढरं पडण्याऐवजी झगझगीत होत जाणारं प्रवाळ दिसतं, त्याचं कारण हे. आपल्या टाकीच्या भाषेत सांगायचं तर, फक्त निळे दिवे लावून पाहिलं तर उपाशी कोरल निरोगी कोरलपेक्षा सुंदर दिसू शकतं. तुम्हाला तो ॲक्रोपोरा फिका ‘वाटतोय पण खात्री नाही’, त्याचं कारण बहुधा इथेच आहे.

तेव्हा फोटो दोन प्रकारचे काढा आणि त्यांची गल्लत करू नका. एक नोंदीचा, पांढऱ्या उजेडातला. दुसरा झळाळीचा, निळ्या उजेडातला. पहिला आधी शिका.

नोंदीच्या फोटोसाठी आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवा. दिवे पूर्ण लागून तास-दोन तास झालेले असावेत, म्हणजे पॉलिप (कोरलच्या वसाहतीतले एकेक चिमुकले जीव) उघडलेले असतात. आदल्या रात्री काच आतून घासून घ्या. त्याच दिवशी घासली तर सुटलेलं शैवाल पाण्यात तरंगत राहतं आणि फोटोत धुकं दिसतं. बाहेरून मात्र ऐन वेळी पुसा, बोटांचे ठसे राहतात. खोलीतले दिवे बंद करा, खिडकीचा पडदा ओढा, अंगात गडद कपडे असू द्या. काचेतल्या प्रतिबिंबांवर इतका साधा आणि इतका गुणकारी उपाय दुसरा नाही. पोलरायझर फिल्टर लोक सुचवतात, पण तो उपयोगी पडतो तिरकस प्रतिबिंबांवर, आणि तिरकस फोटो तर आपल्याला काढायचाच नाही.

का नाही, ते समजून घ्या. कोरलवरून निघालेला प्रकाश पाण्यातून काचेत, काचेतून हवेत येताना वाकतो. कॅमेरा काचेला अगदी काटकोनात असेल तर हे वाकणं जवळपास जाणवत नाही. थोडा जरी तिरपा धरला तरी वेगवेगळे रंग वेगवेगळे वाकतात, आणि प्रत्येक फांदीच्या कडेला एका बाजूला निळी, दुसऱ्या बाजूला लालसर झालर येते. फोकस चुकला असं समजून लोक पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. चूक फोकसची नसते, कोनाची असते. फोनची पाठ सरळ काचेला टेकवा, काम झालं. कोरल बाजूला असेल तर फोन तिरपा करू नका, फोनच सरकवून त्याच्यासमोर न्या.

मग पंप बंद करा. टाकीत लाटा करणारा वेव्हमेकरही आणि खालच्या टाकीतून (सम्पमधून) पाणी वर आणणारा रिटर्न पंपही. रिटर्न बंद केला की पाणी सम्पमध्ये उतरतं, तेवढी जागा तिथे आहे ना हे आधी एकदा खात्री करून घ्या. पाच मिनिटं थांबा. पाणी स्थिर होतं, कण खाली बसतात, हॅमरच्या डोलणाऱ्या मुठी थांबतात. दहा-पंधरा मिनिटांत पंप पुन्हा सुरू करायचे हे विसरू नका. मी फोनवर गजर लावते, कारण फोटोंच्या नादात वेळ कसा जातो ते कळत नाही आणि दाटीच्या टाकीत प्राणवायू भराभर संपतो.

आता दिवे. दिव्यातल्या पांढऱ्या एलईडींची वाहिनी वर आणा, निळ्यांची खाली, इतकी की टाकीत धरलेला पांढरा प्लॅस्टिकचा तुकडा साधारण पांढरा दिसेल. एकूण प्रखरता वाढू देऊ नका. दहा मिनिटांच्या पांढऱ्या उजेडाने कोरलला काही होत नाही. दिव्याच्या ॲपमध्ये ही मांडणी वेगळ्या नावाने साठवून ठेवा आणि दर वेळी तीच वापरा. पाण्यात चालेल असं राखाडी कार्ड, नाहीतर तोच मॅट पांढरा तुकडा, कोरलच्या शेजारी त्याच खोलीवर धरून पहिला फोटो घ्या, मग कार्ड काढून कोरलचा. नंतर संपादनात व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते ठरवणारं, थेंबनळीचं चिन्ह त्या कार्डावर टेकवलं की जो रंग येईल तो तुमचा संदर्भ. पुढच्या आठवड्यातही कार्ड असेल, त्यामुळे दोन फोटोंतला फरक उजेडाचा नसून कोरलचा आहे असं ठामपणे म्हणता येईल.

फोनमध्ये तीन गोष्टी करा. बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. मॅन्युअल किंवा प्रो मोड असेल तर त्यात रॉ फाइल, म्हणजे फोनने काही फेरफार न केलेली मूळ फाइल, घ्या. आणि शक्यतो दुप्पट किंवा तिप्पट लेन्स वापरा, कारण मुख्य रुंद लेन्सने जवळ गेलं की पुढची फांदी अवाढव्य आणि मागची चिमुकली दिसते. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर तो एलईडीच्या मंद करण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. बरेच दिवे मंद होताना खरं तर भराभर चालू-बंद होत असतात. शटर हळू करा, सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास, पट्टे जातात किंवा फिके होतात. फोन टेकवलेला असला की तेवढ्या शटरला हात हलत नाही.

झळाळीच्या फोटोत अडचण वेगळी असते. फोनचा आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स इतका निळा उजेड गृहीतच धरत नाही. अनेक कॅमेऱ्यांतही उजेडाच्या रंगाचा, केल्विनचा काटा १०,००० ला थांबतो आणि आपला उजेड त्याच्या कितीतरी पलीकडे असतो. दोन मार्ग आहेत. लेन्ससमोर पिवळा किंवा केशरी फिल्टर धरा, तो निळा अडवतो आणि कोरलने बाहेर टाकलेला हिरवा-लाल तेवढा आत सोडतो. किंवा रॉ फाइल घेऊन संगणकावर दुरुस्त करा, तिथे काही सॉफ्टवेअरमध्ये तो काटा ५०,००० केल्विनपर्यंत जातो. मी फिल्टर पसंत करते, कारण फाइल कितीही चांगली असली तरी एकदा निळी वाहिनी फुटली की त्या जागचा तपशील गेला तो गेला.

हे ‘निळी फुटणं’, म्हणजे निळा इतका भरणं की त्यातला फरक कॅमेऱ्याला टिपता येत नाही, जरा खोलात सांगते, कारण चांगले कॅमेरे बाळगणारेही इथे फसतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजळपणाचा आलेख, एकूण उजळपणा दाखवतो, आणि तो काढताना हिरव्याला सर्वांत जास्त वजन दिलेलं असतं, निळ्याला दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे निळी वाहिनी पूर्ण भरून वाहत असली तरी हिस्टोग्राम निवांत मध्यभागी बसलेला दिसतो. फोटो घरी उघडल्यावर झोअँथसच्या जागी नक्षी नसलेले सपाट निळे ठिपके. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा, निळ्याच्या उजव्या टोकाकडे लक्ष ठेवा, आणि गरज पडली तर फोटो मुद्दाम दोन पायऱ्या काळोखा घ्या. काळोखातून तपशील वर काढता येतो, फुटलेल्यातून येत नाही.

मॅक्रो लेन्सचा विचार पुढे कधी कराल तेव्हा एवढंच लक्षात ठेवा: वस्तू प्रत्यक्ष आकाराची टिपताना, छिद्र एफ ८ ला असेल तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारा थर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. ॲक्रोपोराच्या एका पॉलिपचं तोंड स्पष्ट, त्याच्या मागचं पुसट. स्टँड लागतो, श्वास रोखावा लागतो, आणि दहातले नऊ फोटो जातात. म्हणून म्हणते, आत्ता नको. फोनने महिनाभर सरळ, एकाच उजेडात काढलेले फोटो तुम्हाला या घडीला जास्त शिकवतील.

संपादनात रंगांची गडदी वाढवण्याचा मोह होतो. तो आवरा. झळाळीचा फोटो कुणाला दाखवताना ‘निळ्या उजेडात, पिवळ्या फिल्टरमधून’ असं सोबत लिहा. अशा फोटोंना भुलून नवखी माणसं कोरल आणतात, घरी पांढऱ्या उजेडात ते तपकिरी दिसलं की घाबरून दिवे वाढवतात, आणि धडधाकट कोरल भाजून निघतं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

आता तुमचा ॲक्रोपोरा. चार आठवडे थांबायचं असलं तरी पहिल्या पांढऱ्या फोटोतच बरंच वाचता येतं. फांदीच्या टोकाकडे पाहा. ॲक्रोपोराच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला एकच मोठा पॉलिप असतो, फांदी तोच वाढवत नेतो. तो इतक्या झपाट्याने वाढतो की तिथे शैवाल फारसं नसतं, म्हणून टोक फिकं, जवळपास पांढरं दिसतं. हा फिकेपणा चांगला. टोकं अशी ताजी पांढरी, बाकीची फांदी रंगाने भरलेली आणि पॉलिप केसांसारखे बाहेर, तर तुमची शंका निराधार आहे.

टोक आणि फांदी यांत फरकच उरला नसेल, सगळंच एकसारखं फिकं असेल, पण ऊती अखंड असेल आणि पॉलिप बाहेर येत असतील, तर शैवाल कमी झालंय. कारणं मुख्यतः दोन संभवतात: प्रकाश जास्त किंवा अन्न कमी. दहा महिन्यांच्या, नीट जपलेल्या टाकीत मी आधी दुसऱ्यावर संशय घेईन. नायट्रेट आणि फॉस्फेट, म्हणजे शैवालाचं अन्न, मोजा. दोन्ही शून्य दाखवत असतील तर ती अभिमानाची गोष्ट नाही, कोरल उपाशी आहे. नायट्रेट २ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान असू द्या. माशांना थोडं जास्त खायला घाला, फॉस्फेट शोषणारं माध्यम लावलं असेल तर काढा. शून्याचा आणखी एक तोटा म्हणजे डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशीय जीवांचा तपकिरी, बुडबुडेदार चिकटा, तो अशाच रिकाम्या पाण्यात माजतो.

ऊती बुडापासून वर सोलत चालली असेल, खाली मोकळा पांढरा सांगाडा दिसत असेल, तर मात्र थांबू नका. ती भूक नाही, ऊती मरते आहे. आठवड्यांत हळूहळू सरकत असेल तर अल्कलिनिटीचे (पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या क्षमतेचे) चढउतार, कमी प्रवाह किंवा परजीवी शोधा. काही तासांत उतरत असेल तर जिवंत टोकं सोलण्याच्या रेषेपासून सेंटीमीटरभर वर कापून वेगळी लावा. उरलेलं वाचेल या आशेवर थांबून मी पूर्ण वसाहती गमावल्या आहेत.

तिसरी शक्यता म्हणजे लहान गोलसर फिके डाग, विशेषतः फांद्यांच्या सावलीतल्या बाजूला. हे ॲक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या अळीचे चावे असतात. अळी कोरलच्याच रंगाची असते, नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही. पंप बंद असतानाच पिचकारीने फांदीवर जोरात पाणी मारा, काही सुटून उडताना दिसलं तर खात्री झाली. डिपमध्ये, म्हणजे कोरल औषधी पाण्यात बुडवलं की, अळ्या मरतात, अंडी मरत नाहीत. ती बुडाशी उघड्या सांगाड्यावर तांबूस खडबडीत पुंजक्यात असतात, तो भाग खरवडून किंवा कापून टाकावा लागतो, आणि डिप आठवड्याच्या अंतराने अनेकदा करावा लागतो. नवीन फ्रॅग (कोरलचा कापलेला तुकडा) आला की त्याचा बुडाचा प्लग (तो चिकटवलेली खुंटी) फेकून देऊन कोरल स्वच्छ प्लगवर लावायची सवय त्यासाठीच.

कारण काहीही निघो, अल्कलिनिटी रोज मोजायला लागा. कोरल सांगाडा बांधतं ते कॅल्शियम आणि कार्बोनेटचं, पण खर्च कळतो तो अल्कलिनिटीवरून. समजा सलग तीन दिवस एकाच वेळी मोजून ८.२, ७.९, ७.६ डीकेएच (हे अल्कलिनिटीचं एकक) आलं. म्हणजे रोज ०.३ खर्च. त्याबरोबर कॅल्शियम उतरतं जेमतेम २ पीपीएम, आणि घरगुती कॅल्शियम किटची एक पायरीच त्याहून कितीतरी मोठी असते. कॅल्शियम ‘ठीक’ दाखवत राहील आणि पाया खचत राहील. ०.३ डीकेएच भरून काढायला दोनशे लिटरला सुमारे १.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागतं, सोबत त्याच हिशेबाने कॅल्शियम क्लोराइड, दोन्ही वेगवेगळी विरघळवून आणि वेगवेगळ्या वेळी. दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा करून खरं पाणी किती आहे ते मोजा, दोनशेच्या टाकीत ते दोनशे नसतं. समुद्राच्या पाण्यात अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास, कॅल्शियम ४१० ते ४२० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास असतं. तुम्ही ७.५ वर राहा की ८.५ वर, मला त्याचं विशेष नाही. पण एका दिवसात अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त हलू देऊ नका. आणि अन्न कमी असताना अल्कलिनिटी ९-१० च्या वर नेऊ नका, टोकं जळतात. म्हणजे तेच वाढीचं टोक ऊती गमावतं आणि नंतर त्यावर शैवाल बसतं.

क्षारता मोजणाऱ्या उपकरणाबद्दल, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरबद्दल, माझाच अनुभव सांगते, कारण तो नोंदीच्या फोटोंनीच उघडकीला आला. माझ्याकडे मोंटिपोराची एक पसरट वसाहत आहे. अशा मोंटिपोराच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची स्वच्छ पांढरी किनार असते, नवा सांगाडा तिथे घातला जात असतो. एका रविवारी फोटो लावून पाहताना ती किनार अरुंद वाटली. मागचे दोन रविवार काढले. तीन फोटोंत किनार पाऊण, अर्धी आणि मग जवळजवळ पुसलेली. निळ्या उजेडात त्या तिन्ही आठवड्यांत मला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं, उलट त्याची हिरवी चमक वाढली होती. अल्कलिनिटी, नायट्रेट, तापमान सगळं तपासलं, जागच्या जागी होतं. क्षारता तपासली नाही, कारण रिफ्रॅक्टोमीटर ३५ दाखवत होता. शेवटी ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाण द्रावण आणून त्यावर थेंब टाकला, आकडा आला ३९. मी तो रिफ्रॅक्टोमीटर आरओ पाण्यावर शून्य करत होते, आणि ३५ च्या टोकाला तो चार अंशांनी खोटं बोलत होता. टाकीत प्रत्यक्षात ३१ होतं. रोज अर्ध्या पीपीटीने चढवत आठवडाभरात ३५ वर आणलं. किनार परत यायला सुरुवात झाली ती सहाव्या आठवड्यात. तेव्हापासून मी प्रमाण द्रावणाशिवाय रिफ्रॅक्टोमीटरवर विश्वास ठेवत नाही. तुम्हीही आजच तपासा: ३५ पीपीटी, किंवा २५ अंशांना विशिष्ट घनता १.०२६.

अशा तुलनेला शास्त्रातही मान आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच उपक्रमाचा एक रंगतक्ता आहे, चार रंगछटा आणि प्रत्येकीच्या सहा पायऱ्या. पाणबुडे तो प्रवाळाशेजारी धरतात आणि पायरी लिहून घेतात. दोन पायऱ्यांचा फरक पडला तर शैवालात लक्षणीय बदल झाला असं धरतात. आपल्या टाकीतले जांभळे-निळे ॲक्रोपोरा त्या तक्त्यात नीट बसत नाहीत, पण तुमचं कार्ड आणि तुमचाच मागचा फोटो मिळून तेच काम करतात.

दिव्यांचं थोडक्यात. पार मीटर, म्हणजे शैवालाला वापरता येईल असा प्रकाश मोजणारं उपकरण, कुणाकडून दोन दिवसांसाठी मिळाला तर घ्या. झोअँथस आणि मशरूमना ५० ते १००, हॅमरला ८० ते १५०, मोंटिपोरा-ॲक्रोपोराला २०० ते ३५० पुरे होतो. मीटर नसेल आणि अन्न तपासूनही फिकेपणा राहिला, तर प्रखरता पंधरा-वीस टक्क्यांनी उतरवा आणि तीन आठवडे हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. दिवे, जागा आणि अन्न एकाच आठवड्यात बदललं तर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही. तापमान २५-२६ अंशांवर असू द्या. समुद्रात नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या वर एक अंश काही आठवडे राहिला तरी प्रवाळ पांढरं पडतं, इतकी ही बारीक गोष्ट आहे.

हॅमरला चारी बाजूंनी हातभर नाही तरी वीतभर मोकळी जागा ठेवा. रात्री तो लांब लढाऊ तंतू बाहेर सोडतो आणि शेजाऱ्याला डसतो. ‘फिका पडलेला’ ॲक्रोपोरा फक्त हॅमरच्या बाजूनेच फिका असेल तर शोध तिथेच संपला.

एक गोष्ट मनापासून सांगते, कृपया गांभीर्याने घ्या. फोटोसाठी दगड हलवताना, झोअँथस कापताना किंवा घासताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. झोअँथस आणि पॅलिथोआ यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. असा दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, कोरड्यावर ब्रशने घासू नका. वाफेतून किंवा तुषारातून ते फुप्फुसात जातं आणि घरातली सगळीच माणसं आजारी पडू शकतात. जखमी बोट टाकीत घालू नका.

आणि नवीन कोरल घ्यायचं झालं तर टाकीत वाढवलेल्या वसाहतीचा फ्रॅग घ्या. सगळी दगडी प्रवाळं वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, सीमा ओलांडताना त्यांना कागदपत्रं लागतात. पण कागदांपलीकडेही कारण आहे. टाकीत वाढलेला फ्रॅग आपल्या दिव्यांना आणि पाण्याला आधीच सरावलेला असतो, आणि समुद्रातली एक वसाहत जागेवर राहते.

तर या रविवारी पहिला पांढरा फोटो काढा. दोन्ही ॲक्रोपोरांच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा, मोंटिपोराच्या कडेचा आणि पूर्ण टाकीचा. फाइलच्या नावात तारीख आणि त्या दिवशीची अल्कलिनिटी लिहा. चौथ्या रविवारी पहिला आणि चौथा फोटो शेजारी ठेवा, कार्डावरून रंग जुळवून घ्या, आणि फांदीचं टोक नि मोंटिपोराची किनार एवढंच पाहा. टोकं पांढरी, किनार रुंद आणि अल्कलिनिटी महिनाभर अर्ध्या डीकेएचच्या आत राहिली असेल, तर दिवे उतरवले असल्यास आठवड्याला पाच टक्क्यांनी परत वर न्यायला हरकत नाही.